मातृभाषेच्या रकान्यात वडिलांची भाषा



शाळेच्या अर्जात ‘मातृभाषा’ असा एक रकाना असतो. आई गुजराती आणि बाबा मराठी, किंवा आई तमिळ आणि बाबा कोकणातले, अशी घरं घाटकोपर-मुलुंडला आता नवीन नाहीत. तिथे काय लिहायचं? बहुतेक वेळा वडिलांची भाषा लिहून मोकळे होतात. म्हणजे रकाना मातृभाषेचा, पण त्यात आईच नाही!

मग मूल वर्गात भाजीला ‘शाक’ म्हणतं आणि आपण पालकांना सांगतो, “घरी एकच भाषा बोला, नाहीतर गोंधळ होईल.” मला हा सल्ला पटत नाही. दोन भाषांत वाढणारं मूल सुरुवातीला शब्द मिसळतं, ते स्वाभाविकच आहे. आजीशी मराठी आणि ‘बा’शी गुजराती बोलायचं, हे त्याला लवकरच उमगतं.

दक्षिण कोरियात हाच प्रश्न मोठा झाला. तिथल्या अनेक पुरुषांनी व्हिएतनाम, चीन, फिलिपिन्समधल्या मुलींशी लग्नं केली. 2008 साली अशा कुटुंबांना साहाय्य करणारा कायदा झाला. आधी सगळा भर आईला कोरियन शिकवण्यावर होता. पुढे मुलांना आईची भाषाही यावी म्हणून उपक्रम सुरू झाले. पण या कुटुंबांसाठीचा ‘दामुन्हवा’, म्हणजे ‘बहुसांस्कृतिक’, हा शब्दच शाळेत मुलांवरचा शिक्का बनला. आपल्याकडे ‘अर्धा गुजराती’ म्हणून चिडवतात, तसंच हे.

2020 च्या कायद्याने आपल्या राज्यातल्या सगळ्या शाळांत मराठी सक्तीची आहे. ती यायलाच हवी, त्यात तडजोड नको. पण मराठी पक्की करायला घरातली दुसरी भाषा मोडावी लागत नाही. मुंबई महापालिका तर आठ माध्यमांच्या शाळा चालवते.

म्हणून एवढं करूया. पालकसभेत विचारूया, “घरी कोण कोणाशी कुठल्या भाषेत बोलतं?” आणि ‘माझे आजोळ’ हा निबंध देताना सगळ्यांकडून कौलारू घर आणि आमराईच मागायला नको. कुणाचं आजोळ भावनगरला असेल, कुणाचं मदुराईला. मामाच्या घरी ऐकलेले चार शब्द निबंधात आले, तर त्यावर लाल रेघ मारू नका. त्यांचा अर्थ मुलालाच वर्गाला मराठीत सांगू द्या. त्याचं मराठी तिथेच वाढेल.