घर मिळाले, उजेड कधी?

मुंबईने नकोशी झालेली माणसे वर्षानुवर्षे एकाच दिशेला पाठवली: गोवंडी-मानखुर्दकडे. शहरातून हटवलेल्यांसाठी वसवलेली जनता कॉलनी आणीबाणीत, १९७६ साली पुन्हा उठवली गेली, कारण शेजारच्या अणुसंशोधन केंद्राला जागा हवी होती. तिथली कुटुंबे चीता कॅम्पच्या दलदलीत आली आणि त्यांनी स्वतःच्या हातांनी भराव घालून वस्ती उभी केली. शिवाजीनगर, बैंगणवाडी या वस्त्या देवनारच्या कचराभूमीला खेटून वाढल्या. पुढे रेल्वे आणि रस्त्यांच्या प्रकल्पांनी विस्थापित केलेली हजारो कुटुंबे लल्लूभाई आणि नटवर पारेख कंपाउंड या पुनर्वसन वसाहतींत आणली गेली.

इथे पक्की भिंत, नळ, संडास मिळाला. ही सोय मोठीच. पण २२५ चौरस फुटांच्या खोल्यांच्या इमारती एकमेकींना इतक्या चिकटून बांधल्या, की खालच्या मजल्यांवर भर दुपारीही दिवा लावावा लागतो. अशा कोंदट घरांचा क्षयरोगाशी असलेला संबंध २०१८च्या पाहणीने समोर आणला. धुणीभांडी, बिगारी करणाऱ्यांचे काम मात्र दूर, जुन्या वस्तीपाशीच राहिले.

या अंकातले लेख याच वसाहतींबद्दल आहेत. आमची भूमिका स्पष्ट आहे: चावी हाती दिली म्हणजे पुनर्वसन झाले, असे नव्हे. ऊन, वारा, दवाखाना, शाळा आणि कामापर्यंतची बस हा घराचाच भाग आहे. धारावीचा पुनर्विकास करताना सरकारने आधी गोवंडीचा हिशेब द्यावा.