प्रत्येक प्रयोग यशस्वी कसा?

डिसेंबर २०२३ मध्ये नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात 'सारथी' या राज्य सरकारच्या संस्थेच्या अधिछात्रवृत्तीचा विषय निघाला, तेव्हा पीएच.डी. करून ही मुले काय दिवे लावणार, असा प्रश्न तत्कालीन उपमुख्यमंत्र्यांनी केला. त्यावरून गदारोळ झाला आणि तो रास्तच होता. संशोधनासाठी हात आखडता घेताना सरकारने असा प्रश्न करणे शोभत नाही. पण राज्यकर्त्याच्या तोंडी जो प्रश्न उद्धट वाटतो, तोच संशोधकांनी स्वतःला विचारला तर त्याला आत्मपरीक्षण म्हणतात. शिक्षणशास्त्राच्या पीएच.डी.बाबत, त्यातही अभ्यासक्रम आणि अध्यापनपद्धतीवरच्या संशोधनाबाबत, हे आत्मपरीक्षण फार लांबले आहे. इथले संशोधन निरुपयोगी निघाले तरी संशोधकाचे काही बिघडत नाही. त्याची झळ लागते ती पहिली-दुसरीच्या वर्गात बसलेल्या मुलाला.

शिक्षणशास्त्रातली देशातली पहिली पीएच.डी. मुंबई विद्यापीठाने १९४३ मध्ये दिली. आज या पदवीच्या वाटेला कोण जाते? बी.एड. महाविद्यालयातले अध्यापक, कनिष्ठ महाविद्यालयातले आणि माध्यमिक शाळांतले शिक्षक, आणि तासिका तत्त्वावर वर्षानुवर्षे राबून कधीतरी कायम होण्याची आशा धरलेले तरुण. त्यांची कारणे उघड आहेत. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांनुसार सहयोगी प्राध्यापक व्हायचे तर पीएच.डी. लागतेच. विद्यापीठांत सहायक प्राध्यापक होण्यासाठीही ती जुलै २०२१ पासून सक्तीची होणार होती. मग मुदत जुलै २०२३ पर्यंत गेली आणि शेवटी सक्तीच उठली. त्या अनिश्चिततेत 'नोंदणी तरी करून ठेवू' म्हणणारे थोडे नव्हते.

पदोन्नतीची इच्छा बाळगणे हा गुन्हा नाही. दोष व्यवस्थेचा आहे. पदवी आहे की नाही, एवढेच ती बघते. त्या पदवीसाठी काय शोधले, हे कुठल्याच टेबलावर कोणी विचारत नाही. असे झाले की संशोधनाचा एक साचा तयार होतो आणि त्यात विषय ओतला की प्रबंध बाहेर पडतो.

तो साचा जवळून पाहण्यासारखा आहे. शीर्षक साधारण असे असते: 'इयत्ता आठवीच्या विद्यार्थ्यांसाठी विज्ञानातील अमुक घटकावर संगणक-साहाय्यित कार्यक्रमाची निर्मिती व त्याच्या परिणामकारकतेचा अभ्यास'. ओळखीच्या मुख्याध्यापकांच्या शाळेतली 'अ' तुकडी हा प्रायोगिक गट, 'ब' तुकडी हा नियंत्रित गट. दोन्हींना पूर्वचाचणी दिली जाते. मग संशोधक स्वतः दोन-तीन आठवडे 'अ' तुकडीला शिकवतो. नवे साहित्य, प्रोजेक्टर, रंगीत कार्डे, खेळ असा सगळा उत्साह असतो. 'ब' तुकडीला नेहमीचे शिक्षक नेहमीसारखेच शिकवतात. शेवटी उत्तरचाचणी. ती काढणारा संशोधकच आणि ती बेतलेली असते त्याच्याच साहित्यावर. टी-मूल्य काढले जाते, ०.०५ स्तरावर फरक सार्थ ठरतो, शून्य परिकल्पनेचा त्याग होतो. पाचव्या प्रकरणात शिफारशी येतात: शासनाने असे कार्यक्रम राबवावेत, मुख्याध्यापकांनी प्रोत्साहन द्यावे, शिक्षकांनी नवोपक्रम करावेत.

इथे निकाल प्रयोगाआधीच ठरलेला असतो. नवा माणूस, नवे साहित्य आणि आपल्याकडे कोणीतरी लक्ष देत आहे ही जाणीव, एवढ्याने मुले काही दिवस खुलतात. त्या नवलाईचे गुण कार्यक्रमाच्या खात्यावर जमा होतात. तीन महिन्यांनी त्याच मुलांना पुन्हा विचारले तर काय उरले असेल, हे तपासणारी चाचणी क्वचित घेतली जाते. न्यूझीलंडचे संशोधक जॉन हॅटी यांनी २००९ मध्ये आठशेहून अधिक संकलित विश्लेषणे एकत्र तपासली, तेव्हा दिसले की वर्गात केलेल्या जवळजवळ कुठल्याही गोष्टीचा थोडाफार चांगला परिणाम होतोच. त्यामुळे 'हे उपयोगी पडते का' हा प्रश्नच कुचकामी ठरतो. 'आधीच हाताशी असलेल्या उपायांपेक्षा हे किती सरस, कोणत्या मुलांसाठी आणि किती खर्चात' हा खरा प्रश्न. आपल्या ग्रंथालयांत परिणामकारक ठरलेल्या कार्यक्रमांचे प्रबंध ओळीने उभे आहेत. इतके सगळे परिणामकारक असेल, तर वर्गात त्याची खूण का दिसत नाही?

खूण दिसत नाही, कारण राज्याच्या अभ्यासक्रमावर निर्णय घेण्याची वेळ येते तेव्हा या प्रबंधांकडे कोणी पाहत नाही. अलीकडची तीन उदाहरणे पुरेत.

जून २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'एकवीस'च्या जोडीला 'वीस एक' असे संख्यावाचन आले. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर यांनी कारणही सांगितले होते: मराठीत एकक आधी उच्चारतो आणि दशक आधी लिहितो, त्यात जोडाक्षरांची भर, म्हणून लहान मुले अडखळतात. मुद्दा तपासण्याजोगा होता. जर्मन भाषेतही एकक आधी उच्चारतात आणि जर्मन मुले ऐकलेली संख्या लिहिताना अंकांची उलटापालट करतात, हे तिकडच्या अभ्यासांत दिसले आहे. आपल्याकडे 'सत्तावीस' ऐकून ७२ लिहिणारी मुले किती? ती कोणत्या वयापर्यंत तसे लिहितात? 'एकोणपन्नास' ऐकल्यावर ५९ लिहिणाऱ्या मुलाच्या मनात नेमके काय चाललेले असते? गडचिरोलीत घरी गोंडी बोलणाऱ्या मुलाची चूक पुण्याच्या मुलासारखीच असते का? दोनशे मुलांना पन्नास संख्या सांगून लिहून घ्या, चुकांचे प्रकार लावा, वर्षभर त्याच मुलांचा माग काढा: एक उत्तम प्रबंध हाताशी येतो. त्या जूनमध्ये मात्र हा वाद वाहिन्यांवरच्या चर्चांत आणि विधानसभेत आडनावांवरून झालेल्या विनोदांत विरून गेला. पुरावा या बाजूनेही मांडला गेला नाही आणि त्या बाजूनेही.

दुसरे उदाहरण वह्यांच्या पानांचे. दप्तराचे ओझे कमी व्हावे म्हणून २०२३-२४ पासून पाठ्यपुस्तकांचे चार भाग करून त्यांत कोरी पाने घातली गेली. मुले वह्याही आणतच राहिली आणि २०२५ मध्ये निर्णय मागे घेतला गेला. राज्यभर राबवण्याआधी चार तालुक्यांत वर्षभर पाहिले असते, तर हे तेव्हाच कळले असते. तिसरे उदाहरण पहिलीपासूनच्या हिंदीचे. १६ एप्रिल २०२५ चा शासन निर्णय, १७ जूनची दुरुस्ती, २९ जूनला दोन्ही रद्द, मग नरेंद्र जाधव समिती. या वादाला राजकीय आणि सांस्कृतिक बाजू होत्याच. पण सहा वर्षांच्या मुलाला एकाच वेळी किती भाषा आणि किती लिप्या पेलतात, घरची बोली वेगळी असेल तर काय होते, याचे इथल्या शाळांतून गोळा केलेले उत्तर त्या अडीच महिन्यांत चर्चेच्या मध्यभागी कधीच आले नाही. पुरावा हाताशी नसला की शासन निर्णयाने धोरण ठरते आणि ओरड झाली की दुसऱ्या शासन निर्णयाने ते मोडते.

याहून वेगळे करता येते, हे आपल्याच राज्यात दिसले आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र १९७४ मध्ये सुरू झाले. पहिल्याच काही वर्षांत त्याची माणसे जळगाव जिल्ह्यातल्या खिरोदा परिसरातल्या शाळांत काम करू लागली. व्ही. जी. कुलकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबई महापालिकेच्या शाळांत विज्ञानाच्या पुस्तकांची भाषाच मुलांच्या आड येते का, हे तपासले आणि भाषा सोपी केली की समज सुधारते, हे दाखवले. पुढे जयश्री रामदास यांच्या 'हलके-फुलके विज्ञान' या पुस्तकमालेमागेही मुलांचे विचार ऐकण्याची तीच सवय होती. हे केंद्र विज्ञान शिक्षणात पीएच.डी.ही देते. या कामात प्रश्न वर्गातून आला, उत्तर वर्गात तपासले गेले आणि पुस्तकापर्यंत पोचले.

संशोधक आणि पदवी हवी असलेला शिक्षक एकाच साच्यात कोंबले जातात, या पेचावर अमेरिकेने एक वाट काढून पाहिली. तिथे पीएच.डी.सोबत एड.डी. ही वेगळी पदवी आहे. हार्वर्डने ती १९२० मध्ये सुरू केली. एक संशोधकासाठी, दुसरी शाळेत काम करणाऱ्या व्यावसायिकासाठी. पण दोन्हींतली सीमा इतकी पुसट झाली की कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजचे अध्यक्ष आर्थर लेव्हिन यांनी २००५ मध्ये एड.डी. बंदच करावी, अशी शिफारस केली. नावे बदलून प्रश्न सुटत नाही, हे यातून दिसते. तरी त्यामागचा विचार घेण्यासारखा आहे. आपला वर्ग सुधारू पाहणाऱ्या शिक्षकाला टी-मूल्याचा देखावा करायला लावण्यात कोणाचेच भले नाही.

पुढचा धोका अधिक गंभीर आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या विनियमांनी प्रबंध सादर करण्याआधी शोधनिबंध छापण्याची सक्ती काढली. 'यूजीसी-केअर' ही नियतकालिकांची यादीही २०२५ च्या सुरुवातीला बंद झाली. पैसे घेऊन छापणाऱ्या नियतकालिकांचा उच्छाद पाहता यात वावगे नाही; पण त्यामुळे गुणवत्तेचा भार जवळजवळ पूर्णपणे मार्गदर्शक आणि परीक्षकांवर आला. त्याच सुमारास मजकूर लिहून देणारी कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने हाताशी आली. पाच प्रकरणांचा ठरीव साचा भरणे हे त्यांना सर्वांत सोपे काम. वाङ्मयचौर्याच्या २०१८ च्या नियमांनुसार दहा टक्क्यांपर्यंतचे साम्य चालते आणि त्याचे प्रमाणपत्र प्रबंधाला जोडले जाते. त्या प्रमाणपत्राने उचलेगिरी झाली नाही, एवढेच ठरते. 'अ' तुकडीत कोणी खरोखर गेले होते का, हे ठरत नाही.

या वाटेवर पाऊल टाकू पाहणाऱ्या शिक्षकाने हिशेब नीट मांडावा. किमान तीन वर्षे, बहुधा सहा. नोकरी आणि संसार सांभाळून. पलीकडे ज्या नोकऱ्या दिसतात त्यांची जमीन सरकते आहे. ११ ऑगस्ट २०२३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने प्राथमिक वर्गांसाठी बी.एड. ग्राह्य धरायला नकार दिला. २०२३-२४ पासून चार वर्षांचा एकात्मिक शिक्षक-शिक्षण कार्यक्रम सुरू झाला. विनाअनुदानित बी.एड. महाविद्यालयांवर उभी असलेली अध्यापकाची नोकरी आणखी डळमळीत होणार. केवळ नोकरीसाठी ही पदवी घेणाऱ्याचा जुगार आहे आणि त्याने तो जुगार म्हणूनच खेळावा. वर्गातला एखादा प्रश्न ज्याला स्वस्थ बसू देत नाही, त्याने जरूर यावे. पण आधी मार्गदर्शकांच्या मागच्या विद्यार्थ्यांचे प्रबंध 'शोधगंगा' या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहावर उघडून वाचावेत. सगळ्यांचे निष्कर्ष सारखेच निघाले असतील, तर दुसरे दार ठोठावावे.

विद्यापीठांनीही चार गोष्टी ठरवायला हरकत नाही. उत्तरचाचणी तिसऱ्याने काढावी. काही महिन्यांनी ती पुन्हा घ्यावी. दुसऱ्याचा प्रयोग नव्या शाळेत तसाच करून पाहणे हा पीएच.डी.चा मान्य विषय असावा. आणि फसलेल्या प्रयोगाचा प्रामाणिक प्रबंध नापास होऊ नये. बालभारती आणि राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने आपल्याला कोणत्या प्रश्नांची उत्तरे हवी आहेत, त्यांची यादी दरवर्षी जाहीर करावी.

२०२५-२६ मध्ये पहिलीचा नवा अभ्यासक्रम आला. पुढच्या इयत्तांची पुस्तके टप्प्याटप्प्याने बदलत आहेत. प्रत्येक पुस्तकाबरोबर नवे वाद येतील, कारण मुले कशी शिकतात याविषयी प्रत्येकाचे एक मत असतेच. त्या वादात शिक्षणशास्त्राच्या विभागांकडे मताखेरीज सांगण्यासारखे काही असेल, तर पीएच.डी.वर खर्च झालेली वर्षे सत्कारणी लागली म्हणता येईल. नसेल, तर हे विभाग कशासाठी चालवायचे, असे विचारणाऱ्या राज्यकर्त्याला पुढच्या वेळी उद्धट म्हणणे कठीण जाईल.