एमपीटीसाठी हद्द ओलांडताना

सुरतजवळच्या पलसाण्याहून पूर्वेला निघालेला महामार्ग बारडोली, व्यारा, सोनगढ करत नवापूरला महाराष्ट्रात शिरतो. याच वाटेने खानदेशातली माणसे सुरतेच्या संच्यांवर आणि मिलमध्ये कामाला आली. आता त्यांच्या नाती बीपीटी, म्हणजे फिजिओथेरपीच्या पदवीधर, होऊन पदव्युत्तर एमपीटीसाठी उलट्या दिशेने पाहताहेत. इंटर्नशिप संपत आली की त्या शिफारसपत्रासाठी आपल्या दारात येतात, आणि आपण सांगतो, "पुण्याला जा, नाव होईल." एवढ्यावर भागत नाही.

परराज्यात जाणे आपल्या क्षेत्राला नवे नाही. १९५० च्या दशकात मुंबईच्या केईएममध्ये देशातली पहिली फिजिओथेरपी शाळा निघाली, तेव्हा शिकायचे तर मुंबईच गाठावी लागे. आज अडते ते कागदांवर. बारावी आणि बीपीटी गुजरातेत, म्हणून महाराष्ट्राच्या लेखी मुलगी बाहेरची. जातीचा दाखला आजोबांच्या गावचा, म्हणून गुजरातेतही तो चालत नाही. मूळच्या आंध्रातल्या पण मुंबईत राहणाऱ्या अनुसूचित जमातीच्या विद्यार्थ्याला वैद्यकीय प्रवेशात महाराष्ट्रातले आरक्षण नाकारले गेले, ते सर्वोच्च न्यायालयाने १९९० मध्ये योग्यच ठरवले होते. घरात अहिराणी बोलतात, हा निकष कुठल्याच माहितीपुस्तिकेत नसतो! जानेवारी २०२५ मध्ये याच न्यायालयाने पदव्युत्तर वैद्यकीय प्रवेशातले अधिवासावर आधारलेले आरक्षण घटनाबाह्य ठरवले. पण तो खटला एमडी-एमएसच्या जागांचा होता. त्याच्या भरवशावर एमपीटीचा अर्ज भरू नये. महाराष्ट्राच्या सीईटी कक्षाची अर्जाच्या वर्षीची पुस्तिका पाहावी, अभिमत विद्यापीठांचे नियम वेगळे वाचावेत. कटकजवळच्या ओलटपूरची राष्ट्रीय पुनर्वसन संस्था देशभरातल्या बीपीटीधारकांसाठी प्रवेश परीक्षा घेते, तिचे नाव आपल्याकडे फारसे कुणी काढत नाही. व्यवसायासाठी गुजरातच्या राज्य परिषदेत केलेली नोंदणी महाराष्ट्रात आपोआप चालेल असेही धरून चालू नये; दोन्ही राज्यांच्या परिषदांकडे आधी लेखी विचारावे.

कागद जुळले तरी मुख्य प्रश्न उरतोच. विषय कोणता घ्यायचा? स्पोर्ट्सला सध्या भाव आहे. पण परत येऊन इथेच दवाखाना टाकायचा असेल, तर पलसाणा तालुक्याकडे बघा. कडोदऱ्यात दिवसभर यंत्रापुढे उभे राहून खांदे आणि कंबर धरलेले कामगार, चलथाणच्या साखर कारखान्याच्या हंगामात वाकून ऊस तोडणाऱ्या आणि डोक्यावर मोळ्या वाहणाऱ्या बाया. क्रिकेटपटूचा गुडघा इथे क्वचितच येतो. हे रुग्ण डोळ्यांपुढे ठेवले तर मस्क्युलोस्केलेटल किंवा कम्युनिटी फिजिओथेरपी हेच विषय आधी येतात. मग महाविद्यालय निवडताना इमारतीऐवजी ओपीडी तपासावी: रोज कोणते रुग्ण येतात, एमपीटीच्या विद्यार्थ्याला स्वतः तपासू देतात का, प्रबंधासाठी कारखान्यात किंवा शेतावर जाऊ देतात का? तिथे शिकत असलेल्या दोघा-तिघांना फोन केला की खरे काय ते कळते.

आता आपल्याविषयी. आपण दिलेली बहुतेक शिफारसपत्रे नाव बदलून कुणालाही चालतील अशी असतात. यंदा "मेहनती व होतकरू" हे शब्द खोडा. त्या मुलीने तुमच्याकडे कोणते रुग्ण हाताळले, कुठे तिचे निदान तुमच्यापेक्षा नेमके ठरले, ते चार ओळींत लिहा.