समुद्र नसलेल्या जिल्ह्यातले खारे पाणी

दिवाळीच्या सुट्टीत कुठे जायचे ह्याची चर्चा घरोघर सुरू झाली, की पहिले नाव समुद्राचे निघते. त्या चर्चेत आमच्या बुलढाणा जिल्ह्याला कोण विचारतो! किनारा शेकडो मैल दूर, बेट तर नकाशातच पाहायचे.

पण वाचकहो, बेटाशी आमचे नाते जुने आहे. १५९८ साली जिजाऊ जन्मल्या त्या आमच्या सिंदखेडराजाला, लखुजी जाधवरावांच्या वाड्यात. त्यांच्या पुत्राने १६६४ साली मालवणच्या कुरटे बेटावर सिंधुदुर्ग बांधायला घेतला. तिथे चहूकडे खारा समुद्र आणि तटाच्या आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव ह्या गोड्या विहिरी!

आमच्याकडे नेमके उलट. गोड्या पाण्याच्या मुलखात मधेच लोणारचे खारे सरोवर. काळ्या खडकात सुमारे १.८ किलोमीटर व्यासाची वाटी, आणि तिच्या तळाशी हिरवट पाणी. हा ज्वालामुखी असावा, असे पुष्कळ दिवस मानीत. पुढे १९७३ साली शास्त्रज्ञांनी इथल्या खडकात प्रचंड आघातानेच तयार होणारी काच दाखवून दिली आणि खड्डा उल्केचा ठरला. जुनी माणसे लवणासुराला मारणाऱ्या विष्णूची कथा सांगतात. गावात त्या दैत्यसूदनाचे सुरेख कोरीव देऊळ आहे. (दणका मोठा बसला, ह्यावर दोघांचेही एकमत!)

माझे पाय मात्र धारेपाशी रेंगाळतात. काठावर गोमुखातून गोड पाणी पडते, आणि तेच खाली उतरले की खारे होते. कारण साधे. सरोवरात पाणी येते, पण बाहेर जायला वाटच नाही. ऊन पाणी उडवून नेते, क्षार मागे राहतात. हाताला ते साबणासारखे बुळबुळीत लागते. २०२० च्या जूनमध्ये पाणी आटले, क्षार वाढले, आणि खारात वाढणाऱ्या सूक्ष्म जीवांनी सारे सरोवर गुलाबी केले. सगळी करामत त्या खारटपणाची! सांडपाणी त्यात उतरू लागले, तर ही करामत संपलीच म्हणायची. त्याच वर्षी पाणथळ जागांच्या जागतिक रामसर यादीत लोणारचे नाव गेले. छान झाले, पण यादी काही काठावर पहारा करीत नाही.

जाणार असाल तर थंडीत जा, सकाळी लवकर उतरा. उतरण सोपी आहे, चढण घाम काढते. प्यायचे पाणी बरोबर न्या, आणि रिकाम्या बाटल्या वर घेऊन या.