पगाराच्या कार्डाची दाद कोणाकडे मागावी?

शेतकऱ्यांच्या मासिकांत पगाराच्या कार्डाची चर्चा कशास, असें कांहीं वाचकांस वाटेल. परंतु ज्यांतील एखादा मुलगा चाकणला, रांजणगांवला किंवा वाळूजला कारखान्यांत कामास नाहीं, असें घर आज आपल्यांत विरळाच. चार-पांच एकर कोरडवाहू जमिनींत दोघां भावांचें भागत नाहीं, म्हणून एक औताजवळ राहतो व दुसरा यंत्राजवळ जातो. आणि पुष्कळ घरीं खरिपाचें बियाणें व खत त्या दुसऱ्याच्या पगारांतूनच येतें. तो पगार ज्या चतकोर कार्डांत सांठविलेला असतो, तें कार्ड अडलें म्हणजे इकडे पाभर अडते. म्हणून हा विषय आपलाच आहे.

गेल्या मृगाच्या तोंडावर आमच्या आळींतील एक गृहस्थ सकाळींच माझ्या ओट्यावर येऊन बसले. मुलगा कंत्राटदाराकडून एका कारखान्यांत लागलेला. त्याचा पगार बचत खात्यांत न जातां कंत्राटदारानें दिलेल्या एका कार्डावर जमा होई. त्या महिन्याचा पगार कार्डावर दिसेना. मुलानें मुकादमास विचारलें. मुकादम म्हणाला, “पैसे टाकले आहेत, बँकेला विचार.” मुलगा ज्या यंत्रांतून नेहमीं पैसे काढी, त्या यंत्रावर ज्या बँकेची पाटी होती तिच्या शाखेंत गेला. तेथें सांगण्यांत आलें कीं, हें कार्ड आमचें नव्हे. मग तो सुटी टाकून गांवीं आला व वडिलांचें खातें ज्या बँकेंत, तेथें गेला. त्यांचा तर या कार्डाशीं संबंधच नव्हता. शेवटीं त्यानें आपल्या भ्रमणध्वनीवर कार्डाचें नांव घालून मदतीचा क्रमांक शोधला. पहिला क्रमांक दिसला तो लावला. पलीकडून एक गोडबोला इसम ‘साहेब, साहेब’ करीत बोलूं लागला. त्यानें कार्डावरील आंकडे विचारले, मग भ्रमणध्वनीवर आलेला गुप्त क्रमांक विचारला. मुलानें सांगितला. मागील तीन महिन्यांची शिल्लक, ११,६०० रुपये, पांच मिनिटांत गेली. सोयाबीनच्या बियाण्यासाठीं राखलेले पैसे होते ते.

आतां यांत हृदयास लागण्यासारखी गोष्ट अशी कीं, मूळ पगाराचा घोटाळा अगदींच क्षुल्लक होता. मुलाचें कार्ड दोन महिन्यांपूर्वीं बदललेलें. कंत्राटदाराच्या कारकुनानें पगाराच्या यादींत जुन्या कार्डाचा क्रमांक तसाच ठेवला होता. पुढें योग्य माणसास विचारल्यावर चार दिवसांत तो पगार जमा झाला. म्हणजे पगार बुडाला नव्हताच. बुडालें तें कोणास विचारावें हें न कळल्यामुळें.

पुष्कळांनीं मुलासच दोष दिला. मला तें पटत नाहीं. गुप्त क्रमांक सांगणें ही चूक खरी. परंतु तत्पूर्वीं तो तीन दारीं सरळपणें उभा राहिला होता. तिन्ही दारीं त्यास ‘येथें नाहीं’ एवढेंच सांगण्यांत आलें. ‘तेथें जा’ असें एकानेंहि सांगितलें नाहीं. मी स्वतः महसूल खात्यांत कारकुनी केलेला मनुष्य आहें, व हें पाप माझ्याहि हातून घडलेलें आहे. एक वृद्ध शेतकरी बांधाच्या तक्रारीसाठीं आमच्या कचेरींत दोन वेळां आला. काम मोजणीचें, म्हणजे भूमि अभिलेख कार्यालयाचें. दोन्ही वेळां ‘हें आमच्याकडे येत नाहीं’ म्हणून मीं त्यास परत लावलें. तिसऱ्या वेळीं कार्यालयाचें नांव व रस्ता सांगावयास मला दहा शब्दहि लागले नाहींत. ते दहा शब्द पहिल्याच दिवशीं कां बोललों नाहीं, याचें उत्तर आजहि माझ्याजवळ नाहीं.

कचेरींत आम्हीं एक गोष्ट मात्र शिकलों. अर्ज अडला म्हणजे प्रथम विचारावयाचें तें हें कीं, कागद सध्यां कोणाच्या मेजावर आहे? कार्डाच्या बाबतींत हाच प्रश्न असा विचारावा: पैसा या घटकेस कोणाच्या हातीं आहे? या एका प्रश्नानें बहुतेक गुंता सुटतो.

पगाराच्या कार्डामागें निदान चार मंडळी असतात, व सामान्य मनुष्य त्यांस एकच समजतो. पहिला मालक किंवा कंत्राटदार; तो पैसे पाठवितो. दुसरी कार्ड देणारी संस्था, म्हणजे एखादी बँक किंवा रिझर्व्ह बँकेनें परवाना दिलेली कंपनी. पैसा जमा झाल्यावर तो हिच्याच हातीं असतो. तिसरें, व्यवहार ज्या जाळ्यांतून होतो तें. रुपे, व्हिसा इत्यादि नांवें त्याचीं. तीं कार्डावर ठळक छापलेलीं असतात, म्हणून लोक त्यांसच बँक समजतात. पण रुपे म्हणजे बँक नव्हे. चौथी, ज्या यंत्रांतून आपण रोकड काढतों त्या यंत्राची मालक बँक. मुलगा पहिल्याकडून चौथीकडे गेला, आणि दुसरीचें दार राहूनच गेलें. तिचें नांव कार्डावर होतें. पण इतक्या बारीक अक्षरांत कीं, मला तें चष्म्यांतूनहि खिडकीजवळ नेऊन वाचावें लागलें!

शिवाय अशीं कार्डें दोन जातींचीं आहेत. कांहींच्या मागें खरें बचत खातें असतें. कांहीं नुसतीं आगाऊ भरणा केलेलीं, ज्यांस प्रीपेड म्हणतात तीं. यांवर व्याज मिळत नाहीं. आणि रिझर्व्ह बँकेच्या २०२१ च्या निदेशांप्रमाणें, ओळखीचीं कागदपत्रें पूर्ण दिलेल्या अशा साधनावरहि एका वेळीं २,००,००० रुपयांहून अधिक शिल्लक ठेवतां येत नाहीं. आपल्या मुलाचें कार्ड कोणत्या जातीचें, हें प्रत्येक बापानें एकदां विचारून घ्यावें. पासबुक मिळालें आहे काय, एवढें विचारलें तरी पुष्कळ उलगडा होतो.

आतां कोणती तक्रार कोठें न्यावी तें सांगतों.

पगारच जमा झाला नाहीं, तर बँकेच्या दारीं जाण्यांत अर्थ नाहीं. जो पैसा तिच्याकडे आला नाहीं तो ती कोठून देणार? मालकाच्या किंवा कंत्राटदाराच्या हिशेब-कारकुनास गांठून, कोणत्या तारखेस व कोणत्या खात्याच्या किंवा कार्डाच्या क्रमांकावर रक्कम पाठविली तें लेखी मागावें. मुकादमाच्या तोंडच्या ‘टाकले आहेत’ यावर विसंबूं नये. २०१९ ची वेतन संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलांत आली. तिच्याप्रमाणें मासिक पगार पुढील महिन्याच्या सात तारखेच्या आंत द्यावयाचा असतो, व पगाराची चिठ्ठीहि द्यावी लागते. कंत्राटदारानें पगार थकविला तर मूळ कारखानदारावर जबाबदारी येते, ही गोष्ट आपल्या मुलांस कोणी सांगत नाहीं. तेथेंहि दाद न लागली तर कामगार आयुक्तांच्या कार्यालयांत अर्ज करावा.

पगार जमा झाला आहे, परंतु कार्ड चालत नाहीं, शिल्लक चुकीची दिसते किंवा कोणता आकार कां कापला हें कळत नाहीं, तर मात्र कार्ड देणाऱ्या संस्थेकडेच जावें. यंत्रांतून रोकड बाहेर आली नाहीं व शिल्लक मात्र कमी झाली, तरीहि आपल्याच कार्डाच्या संस्थेकडे जावें, यंत्राच्या मालकाकडे नव्हे. रिझर्व्ह बँकेच्या २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकांत असें ठरविलें कीं, अशी रक्कम पांच दिवसांत आपण होऊन परत जमा करावी, व त्यापुढें विलंब झाल्यास दर दिवसास १०० रुपये भरपाई द्यावी. हे शंभर रुपये मागून घेतलेला शेतकरी अजून माझ्या पहाण्यांत नाहीं.

पैसे चोरीस गेले तर मात्र वेळ दवडूं नये. प्रथम १९३० हा सरकारी क्रमांक लावावा. त्यायोगें चोराच्या खात्यांत पोंचलेली रक्कम तेथेंच अडविण्याचा प्रयत्न होतो. लगोलग कार्ड देणाऱ्या संस्थेस कळवून कार्ड बंद करावें. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकाचा मतितार्थ असा: दोष बँकेचाहि नसून ग्राहकाचाहि नसेल, आणि ग्राहकानें सूचना मिळाल्यापासून तीन कामाच्या दिवसांत कळविलें, तर त्याच्यावर नुकसान पडत नाहीं, पण गुप्त क्रमांक त्यानेंच सांगितला असेल, तर कळविण्यापूर्वीं गेलेलें त्याचें, व कळविल्यानंतर गेलेलें बँकेचें. म्हणजे तेथें घड्याळास किंमत आहे. आमच्या मुलानें भीतीनें व लाजेनें एक रात्र तशीच काढली. वडिलांस सांगितलें दुसऱ्या दिवशीं सकाळीं. त्यानंतर माझ्या ओट्यावरूनच १९३० लावला. ४,००० रुपये वाटेंत अडकून राहिले ते पुढें मिळाले. बाकीचे ७,६०० गेले ते गेले.

मदतीचा क्रमांक घ्यावयाचा तो कार्डाच्या पाठीवरचा, किंवा कार्डासोबत आलेल्या कागदावरचा. भ्रमणध्वनींत शोधून सांपडलेला कधींहि घेऊं नये. तेथें कोणीहि कोणत्याहि बँकेच्या नांवानें आपला क्रमांक मांडून बसतो. बाजारांत मापाड्याचा वेष घालून कोणी तोतया बसला तर आपण त्यास ओळखतों. येथें वेषहि दिसत नाहीं. आणि गुप्त क्रमांक विचारणारा मनुष्य बँकेचा नव्हेच, हें घरांतील पोरासोरांसहि पाठ करवावें.

तोंडी तक्रार ही तक्रारच नव्हे. फोनवर केली तर तिचा क्रमांक मागून वहींत तारखेसह लिहावा. अर्ज दिला तर दुसऱ्या प्रतीवर शिक्का व सही घ्यावी. कचेरींत ज्याच्याजवळ बारनिशीचा क्रमांक असे, त्याच्याशीं आम्ही कारकून जरा जपून बोलत असूं, हें मी अनुभवानें सांगतों! तीस दिवसांत उत्तर आलें नाहीं, किंवा आलेल्या उत्तरानें समाधान झालें नाहीं, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जातां येतें. २०२१ साली निरनिराळ्या लोकपाल योजना एकत्र करण्यांत आल्या, व बँकांप्रमाणें प्रीपेड कार्ड देणाऱ्या कंपन्याहि त्या कक्षेंत आहेत. फी नाहीं, वकील लागत नाहीं. माहितीसाठीं १४४४८ हा क्रमांक आहे. मात्र मालकानें पगारच दिला नाहीं, ही तक्रार तेथें चालत नाहीं; तेथें गेल्यास पुन्हां ‘येथें नाहीं’ हेंच ऐकावें लागेल.

असाच घोळ आपल्या स्वतःच्या पैशांतहि होतो. पीएम-किसानचा हप्ता आला नाहीं म्हणून आपण जुनें पासबुक घेऊन जुन्या बँकेंत खेपा घालतों. वास्तविक आधारच्या आधारें येणारा पैसा, आधार शेवटीं ज्या बँकेशीं जोडला गेला तेथें जातो. एखाद्यानें मध्यंतरीं दुसरें खातें उघडतांना आधार तेथें जोडला असेल, तर हप्ता तिकडे निजलेला असतो व इकडे आपण तलाठ्यास शिव्या देत असतों.

कांहीं जुनीं मंडळी म्हणतात कीं, रोकड पगार होता तोच बरा होता. मी त्या मताचा नाहीं. रोकड पगारांत मुकादमाची कापाकापी अंगठ्याखालीं दडत असे; आतां निदान तारीख व रक्कम यांचा पुरावा उरतो. कार्ड वाईट नव्हे. कार्ड देतांना हातीं एक मराठी कागद न देणें हें वाईट. कार्ड कोणाचें, जात कोणती, कोणता आकार कापला जाईल, तक्रार कोणाकडे, एवढ्या चार ओळी मोठ्या अक्षरांत छापून द्यावयास कंत्राटदारास किती खर्च येईल? आणि आपल्यांतील जे बागाईतदार हल्लीं मजुरांस फोनवरून मजुरी पाठवितात, त्यांनींहि हा प्रश्न स्वतःस विचारावा. पैसे पोंचले नाहींत तर तो मजूर कोणाच्या दारीं जाणार, व आपण त्यास काय सांगणार?

आपल्या संघाच्या चालकांस माझी एक विनंती आहे. संघाच्या कचेरींत खतांच्या दराचा फळा आहे, तसा या क्रमांकांचाहि एक फळा असावा. आणि बाजाराच्या दिवशीं दोन तास अर्ज लिहून देणारा एक मनुष्य तेथें बसावा. प्रत्येक अर्जाची नोंद वहींत व्हावी, व तीस दिवस भरले कीं त्या माणसानेंच अर्जदारास आठवण द्यावी. पगार नको, बसावयास मेज व एक वही मिळाली तर पहिले सहा महिने मी स्वतः येऊन बसावयास तयार आहें. त्या मुलाचा अर्ज पहिल्या पानावर लिहूं. त्याच्या ७,६०० रुपयांपैकीं कांहीं रक्कम त्यानें कळविल्यानंतर गेली काय, याचें लेखी उत्तर कार्डाच्या संस्थेनें अद्याप दिलेलें नाहीं.