गाझी भंगार नव्हती

१९७१ च्या युद्धाचा विषय निघाला की लोणारच्या पारावरही पाकिस्तानी पाणबुडी ‘गाझी’बद्दल एक वाक्य हमखास ऐकू येते: ‘गाझी म्हणजे अमेरिकेने पाकिस्तानच्या गळ्यात मारलेले भंगार. ती बुडणारच होती!’ वाक्य देशप्रेमाचे वाटते, पण पाणउतारा होतो तो आपल्याच नौदलाचा. भंगाराच्या भीतीने कोणी ‘विक्रांत’सारखी विमानवाहू नौका अंदमानात नेऊन दडवत नाही. ती विशाखापट्टणमलाच असल्याचा भास व्हावा म्हणून खोटे बिनतारी संदेश सोडण्याचा खटाटोपही करत नाही. आपल्या नौदलाचे व्हाइस ॲडमिरल कृष्णन यांनी हे दोन्ही केले, कारण समोरची पाणबुडी काय करू शकते हे त्यांना ठाऊक होते.

गाझी मूळची ‘यूएसएस डायब्लो’. दुसऱ्या महायुद्धात प्रशांत महासागरासाठी आखलेल्या टेंच वर्गातली, १९४५ साली अमेरिकी नौदलात दाखल झालेली, १९६४ मध्ये पाकिस्तानला भाडेपट्ट्याने मिळालेली. लांबी सुमारे ९५ मीटर, दहा टॉर्पेडो नळ्या: सहा पुढे, चार मागे. पृष्ठभागावर वेग २० नॉट आणि पल्ला ११ हजार सागरी मैल. त्या काळच्या बहुतेक जर्मन पाणबुड्यांत डिझेल इंजिन थेट पंख्याच्या दांड्याला जोडलेले असे. टेंचमध्ये डिझेल फक्त वीज तयार करी आणि पंखे फिरवीत ते विजेच्या मोटारी. त्या मोटारीही संथ फिरणाऱ्या, त्यामुळे मधला गिअर काढून टाकता आला आणि गिअरचा खडखडाटही गेला. भंगार म्हणणाऱ्यांनी एवढी एकच गोष्ट समजून घेतली तरी पुरे. महायुद्धात अमेरिकी नौदलाच्या मनुष्यबळात पाणबुडी दलाचा वाटा जेमतेम दोन टक्के होता. तरी जपानच्या बुडालेल्या व्यापारी जहाजांच्या एकूण टनभारापैकी निम्म्याहून अधिक त्याच दलाच्या खाती जमा आहे.

मर्यादा होत्याच. पाण्याखाली वेग नऊ नॉटही नाही. पूर्ण वेगाने पळाले तर तासाभरात बॅटरी बसायची, दोन नॉटने रांगले तर दोन दिवस पुरायची. सुरक्षित खोली ४०० फूट, म्हणजे १२० मीटर. आपल्या लोणारच्या विवराच्या काठावर उभे राहून खाली तळ्याकडे पाहावे, नजर जेवढी उतरते त्याहूनही हे अंतर थोडे कमीच. थोडक्यात, ही पाण्यावर धावणारी आणि गरजेपुरती बुडी मारणारी नौका होती. अथांग प्रशांत महासागरात तेवढे पुरत होते.

मग पाकिस्तानने तिलाच का धाडले? श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात पोचण्याएवढा पल्ला त्यांच्या दुसऱ्या कोणत्याच पाणबुडीला नव्हता. ३ डिसेंबरच्या मध्यरात्रीच्या सुमारास ती विशाखापट्टणमच्या उथळ किनाऱ्यालगत बुडाली. आपण म्हणतो, आपल्या ‘राजपूत’ युद्धनौकेने टाकलेल्या डेप्थ चार्जनी, पाकिस्तान म्हणतो, तिच्याच सुरुंगांच्या स्फोटाने. म्हातारपणाने बुडाली असे दोघेही म्हणत नाहीत. चार्जिंगच्या वेळी बॅटरीतून निघणारा हायड्रोजन पेटला, असा तिसरा तर्क आहे. तो खरा मानला तर ‘भंगार’ म्हणणाऱ्यांना एक गुण द्यावा लागेल. पण शिसे-आम्लाची बॅटरी कोरी करकरीत असली तरी हायड्रोजन सोडतेच.

आता दुसऱ्या बाजूला पाहा. ९ डिसेंबरला दीवजवळ पाकिस्तानच्या ‘हंगोर’ पाणबुडीने आपली ‘खुकरी’ ही युद्धनौका बुडवली. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्लांसह १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. हंगोर फ्रेंच डाफ्ने वर्गातली, पाण्याखालचे वजन हजार टनांच्या आसपास, म्हणजे गाझीच्या निम्म्याहून कमी. तिच्या वेगाचे आकडे गाझीच्या उलट: पृष्ठभागावर साडेतेरा नॉट, पाण्याखाली सोळा. पाण्याखालीच लढायचे हे गृहीत धरून तिची आखणी झाली होती. त्या समुद्रात तापमानाच्या थरांमुळे ध्वनिलहरी वाकतात, सोनार चकतो आणि लहान, शांत पाणबुडीचे फावते. पाणबुडीची तुलना वयाने किंवा आकाराने करायची नसते. ती कोणत्या पाण्यासाठी बांधली आणि कोणत्या पाण्यात पाठवली, एवढेच विचारायचे.

हा निकष लावला की दुसरा आवडता सिद्धान्तही डळमळतो: ‘डिझेलचा जमाना संपला, आता अणुपाणबुडीच हवी.’ अणुपाणबुडी हवीच. महिनोन् महिने पाण्याखाली राहायचे आणि हजारो मैल वेगाने कापायचे, तर तिला पर्याय नाही. पण अणुभट्टीबरोबर टर्बाइन येतात, बहुधा पंप आणि गिअरही येतात, आणि हे सगळे आवाज करतात. बॅटरीवर सरकणाऱ्या डिझेल-इलेक्ट्रिक पाणबुडीत त्यातले काहीच नसते. किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यात टपून बसायला तीच बरी. मुंबईच्या माझगाव डॉकने बांधलेली आणि २०१७ मध्ये नौदलात आलेली नवी ‘कलवरी’ ६७ मीटरची, गाझीहून कितीतरी आखूड. पाण्याखाली वेग मात्र दुपटीहून अधिक.

तिची दुखरी नस जुनीच आहे: बॅटरी भरायला हवा घेण्यासाठी वर यावे लागते आणि तेव्हाच ती सापडते. त्यावर अंबरनाथच्या नौदल साहित्य संशोधन प्रयोगशाळेने बाहेरच्या हवेविना वीज देणारी इंधन-घटाची यंत्रणा तयार केली. ती बसवायचा जोड-भाग बांधण्याचे सुमारे १,९९० कोटींचे कंत्राट डिसेंबर २०२४ मध्ये माझगाव डॉकला मिळाले. जमाना संपलेल्या वस्तूवर संरक्षण मंत्रालय एवढा पैसा कशासाठी ओतते, याचे उत्तर अणुवाल्यांनी द्यावे.