उलट, सुलट आणि दहा नंबर

मंडळी, मी सध्या लोकरीची टोपी विणतोय. हसून झालं? मग ऐका. ताई म्युनिकला असते, तिच्याकडे डिसेंबरात बाळ येणार, आणि या वेळी टोपी आईच्या हातची होणार नाही. काचबिंदूने तिची नजर जवळजवळ गेली आहे. म्हटलं, वाळूजहून घरी आलो की आपणच बसू.

पहिला प्रयोग सपशेल आपटला. रॅव्हलरी ही २००७ पासूनची विणकामाची साइट. तिथून पॅटर्न डाउनलोड केला, त्यातल्या दहा नंबरच्या सुया गुलमंडीतून आणल्या, आणि तीन रात्री जागून मोसंबीला बसेल अशी टोपी तयार! आईने ती चाचपली. "पॅटर्न अमेरिकन आहे का रे?" असाच घोटाळा म्हणे तिनेही एकदा केला होता. अमेरिकेत दहा नंबर म्हणजे ६ मिलिमीटरची जाडजूड सुई. आपल्याकडे जुने ब्रिटिश नंबर, त्यात दहा म्हणजे सव्वातीन मिलिमीटर. तिकडे नंबर वाढला की सुई जाड, इकडे बारीक.

मग माळ्यावरचा बिस्किटांचा डबा खाली आला. आत तिची जुनी पॅटर्नची लीफलेट्स. घड्यांवर फाटलेली, दुकानाच्या शिक्क्यात अजून 'औरंगाबाद'. सूचना इंग्रजीत: के २, पी २. के म्हणजे निट, आपला सुलट टाका (त्यातला के बोलायचाच नाही!). पी म्हणजे पर्ल, उलट. आई मराठी शाळेतली, पण हे इंग्रजी तिला फाडफाड येतं. आणि समासात पेन्सिलीने तिच्या दुरुस्त्या: 'बॉर्डर सैल ठेवणे', '८ टाके कमी', 'ताईला मोठी झाली'. मला तर छापलेल्या मजकुरापेक्षा हा समासच जास्त कामाला येतोय. कोणाचा हात घट्ट, कोणाचा सैल, हे छापणाऱ्याला काय माहीत? म्हणून तर आधी चार इंचांचा चौकोन विणून टाके मोजायचे असतात. मी अर्थातच ते गाळलं होतं. डेडलाइन!

आता रोज रात्री नऊला मी आईचंच अक्षर आईला वाचून दाखवतो. 'ताईला मोठी झाली'ला ती दर वेळी हसते.

काल बावीस ओळी झाल्या. मोठ्या रुबाबात तिच्या हातात दिल्या. बोटं फिरली, एका जागी थांबली.

"अकराव्या ओळीत टाका सुटलाय. उसव."

"अगं, कुणाला दिसणारे तो?"

"मला दिसला ना."

उसवतोय.